मदत हवी आहे : अमेरिकेची हक्कांची सनद (बिल ऑफ राइट्स, म्हणजे घटनेतल्या पहिल्या दहा दुरुस्त्या) तिथल्या राज्यांना एकदम का लागू झाली नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक अकरावीत आहे. अमेरिकन राज्यव्यवस्थेचा पेपर सोमवारी आहे आणि एका जागी आम्ही दोघीही अडलोय.

१८३३ चा बॅरन विरुद्ध बाल्टिमोर खटला. बॅरनचा बंदरात धक्का होता. शहराने रस्त्यांच्या कामात ओढे वळवले, वाळू वाहून येऊन धक्क्यापाशी साचली, पाणी उथळ झालं आणि मोठी जहाजं लागेनाशी झाली. सरकारने खाजगी मालमत्ता घेतली तर भरपाई द्यावी, असं सांगणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीच्या आधारे त्याने भरपाई मागितली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही सनद फक्त केंद्राला बांधते, राज्यांना नाही. वाचून फार वाईट वाटलं त्या माणसाचं.

पण १८६८ ला चौदावी दुरुस्ती आली ना, राज्यांनी कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावू नये असं सांगणारी? मग सगळेच हक्क तेव्हाच राज्यांना लागू का झाले नाहीत? कोर्टाने जे मूलभूत मानले, ते एकेक करून लागू केले. अवाजवी दंडाविरुद्धचा हक्क तर थेट २०१९ मध्ये, टिम्ब्ज विरुद्ध इंडियाना खटल्यात! आणि ग्रँड ज्युरीचा (गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्याइतका पुरावा आहे का, हे आधी नागरिकांच्या मंडळाने ठरवण्याचा) हक्क राज्यांवर अजूनही बंधनकारक नाही.

कुठला हक्क मूलभूत, हे कोर्ट कोणत्या कसोटीवर ठरवतं? भारताच्या घटनेत कलम १२ मधल्या 'राज्य' या शब्दातच केंद्र, राज्यं, नगरपालिका सगळं येतं, तेच डोक्यात बसलंय, त्यामुळे मला हे लेकीला समजावताच येत नाहीये. वकिली करणाऱ्या किंवा हा विषय शिकवणाऱ्या कुणी सोप्या मराठीत सांगाल का? शनिवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.