रत्नागिरीत फ्लॅट घेतोय, बिल्डरकडून काय काय मागू?

मिऱ्याजवळ तीन मजली इमारत, सातच फ्लॅट. जिन्याखालच्या कॉलमवर बोटभर तांबूस ओघळ दिसला. बिल्डर म्हणतो, "खाऱ्या वाऱ्याने होतंच हो." घेऊ का?

— ओघळ म्हणजे बहुतेक आतली सळई गंजतेय. रंग मारायच्या आत फोटो काढा!

— महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव बघा. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवलात, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. रेरा कायदा, कलम १४.

— अहो, ८ किंवा कमी फ्लॅट असतील तर २०१६ च्या त्याच रेरा कायद्यात प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी करायची सक्तीच नाही. साइटवर काय डोंबल दिसणार? नगरपरिषदेत जाऊन मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगीचा दाखला) बघा.

— सातच का, ते आत्ता कळलं! सोमवारी जातो नगरपरिषदेत.