इंजेक्शन घेणाऱ्या पोराला आत टाकून काय साधणार?

गंगापूर रोडकर: काल इथे एकाने लिहिलं, "जिममध्ये स्टेरॉइड घेताना जो सापडेल त्याला सरळ आत टाका, अमेरिकेत टाकतात." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून ही स्नायू फुगवणारी औषधं अमली पदार्थांसारखी यादीत घातली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जवळ सापडलं तरी गुन्हा. मग २००४ ला यादी वाढवली, २०१४ ला परत वाढवली, कारण बंदी आली की रेणू जरासा बदलून नवा माल तयार. आपल्याकडे १९४० चा औषध कायदा आहे. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन ही स्टेरॉइडं त्यातल्या शेड्यूल एच या यादीत येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. परवाना नसताना विकलं तर कमीत कमी ३ वर्षं कैद आणि १ लाख दंड. म्हणजे कायदा विकणाऱ्याला धरतो, घेणाऱ्याला नाही. माझ्या मते तेच बरोबर आहे.
माझ्या धाकट्या भावाला जिममधल्या ट्रेनरने कपाटातून बाटली काढून दिली. टोचलं तिथे गळू झालं. आई आठवडाभर हळदीचं पोटीस बांधत होती, कारण डॉक्टरला खरं सांगायची याला लाज. पू वाहायला लागला तेव्हा कुठे गेला. घेणं गुन्हा असता तर तेव्हाही गेला नसता.

जुना आखाडा: बाळा, तुझा भाऊ कुक्कुलं बाळ होता का? पंचवटीच्या तालमीत माझी चाळीस वर्षं गेली. माझ्या एका पोराने आठ वर्षं अंडी, हरभरा आणि जोर-बैठकांवर शरीर कमावलं. स्टेजवर चौथा आला. पहिल्या तिघांची छाती तीन महिन्यांत फुगलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. त्या पोराचं नुकसान कुठल्या कलमात बसतं, सांग. २०२२ चा डोपिंगविरोधी कायदा म्हणे आहे. त्यात खेळायला बंदी, तुरुंग नाही. आणि गल्लीतल्या स्पर्धेत लघवीचा नमुना घेणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. भीती पाहिजे, भीती!

गोळे कॉलनी: विकणाऱ्याला धरा म्हटलं की लोकांना मेडिकलवालाच दिसतो. मी चिठ्ठी मागितली की पोरगं म्हणतं, "राहू द्या काका, कुरिअरने येतं." आणि स्टेरॉइड सोडा, आता मेफेंटर्माइन चाललंय. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब खाली गेला तर चढवायचं औषध ते. पोलीस भरती जाहीर झाली की विचारणारे सुरू होतात.

मैदान पहाटे चार: भरतीवाल्यांना यात ओढू नका. १६०० मीटरला २० गुण असतात, त्यासाठी आम्ही दोन-दोन वर्षं थंडीत पळतो. चार जण टोचतात आणि नाव सगळ्यांचं खराब.

गोळे कॉलनी: चार नाहीत. दुकान मी चालवतो, तू नाही.

मैदान पहाटे चार: मग तुम्ही नावं कळवली का कुणाला? नुसतं इथे लिहिता! सरावाला माझ्या शेजारी एक जण ते टोचून आला होता. ओठ कोरडे, हात थरथरतायत, दुसऱ्या फेरीत छाती धरून बसला. रिक्षात घालून मी नेलाय त्याला. त्याच्या बापाची दोन एकर शेती, तीही कर्जात. हरला तर पुढच्या भरतीपर्यंत काय करायचं, या धास्तीने घेतलं त्याने. त्याला आत टाकणार तुम्ही?

जुना आखाडा: शेती माझीही गेली. मी नाही टोचलं.

सिडकोची ताई: मला गंगापूर रोडकर दादांचं पटत नाही. तीन वर्षं मूल होईना म्हणून माझ्याच तपासण्या चालल्या. सासूबाईंनी उपास करायला लावले. शेवटी ह्यांची तपासणी केली, शुक्राणू शून्य. लग्नाआधी दोन वर्षं स्टेरॉइडची सायकल, म्हणजे कोर्स, मारली होती, एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, हे मला तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. पकडले जाऊ ही भीती असती तर कदाचित घेतलं नसतं.

गंगापूर रोडकर: ताई, तुमच्यापुढे मला काही बोलता येत नाही. भीतीने काही जण थांबतील, हे मानतो. पण पकडले गेले असते तर गुन्हा दाखल, नोकरी गेली असती, आणि देणारा मात्र मोकळा.

सिडकोची ताई: मग तुमच्या भावाला देणाऱ्याची तक्रार केलीत?

गंगापूर रोडकर: नाही. भावाने हात जोडले. जिम चालू आहे, आता वरचा मजलाही घेतलाय त्यांनी.

जुना आखाडा: आणि आम्हाला कायदा शिकवतोस. विकणारा आधी धरावा, तेवढं तुझं मान्य. पण मग तक्रार तुझ्यापासून सुरू व्हायला हवी होती.

गंगापूर रोडकर: खरं आहे काका. बाटली ठेवली आहे अजून. सोमवारी औषध निरीक्षकांकडे घेऊन जातो.

गोळे कॉलनी: बॅच नंबर बघ आधी. त्यावरून माल कुठल्या होलसेलरकडून निघाला ते काढता येतं.

गंगापूर रोडकर: आत्ता पाहिलं. तेवढीच जागा ब्लेडने खरवडलीय. शेवटचे दोन आकडे राहिलेत, ४ आणि ७.

गोळे कॉलनी: तेवढ्यावर नाही भागत. तरी घेऊन जा.