२८ एमएमच्या छोट्या खेळण्यातल्या शिपायांवर रंग जाड बसते, चेहरा बुजून जाते, हात कसा सुधारू?

सातपुडा_पायथा

राम राम मंडळी. मी अकोट तालुक्यातला. अडगाव आमच्या गावापासून जवळच, तेच अडगाव जिथं २९ नोव्हेंबर १८०३ ले नागपूरकर भोसल्यांची अन् इंग्रजांच्या सेनापती वेलस्लीची लढाई झाली, अन् मंग १५ डिसेंबरले गाविलगडही गेला. लहानपणापासून हे ऐकत आलो म्हून ती लढाई टेबलावर मांडायची लय इच्छा आहे. मित्रानं पुण्याहून रेझिनमधे ४० शिपाई प्रिंट करून पाठवले, त्यातले १२ रंगवून झाले पण मन भरत नाई. पगडीच्या घड्या, मिशा, पट्ट्याचं बक्कल सगळं रंगाखाली गायब. डोळ्याचा ठिपका टाकायले गेलो का अर्धा गाल पांढरा होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीचे लाल कोट उजळायले पांढरा मिसळला तं गुलाबी दिसून राह्यले. रंग ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक, ब्रश ट्रिपल झिरो, म्हंजे एकदम बारीक. व्हिडिओत सांगतात तेवढंच पाणी टाकतो तरी ब्रशवरच रंग वाळते. कोणी नीट सांगा भाऊ.

बारीक_रेघ

भाऊ व्हिडिओवाले थंड देशात बसून रंगवतात, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ ले जाते, त्यांचं पाण्याचं माप इथं कसं चालन. प्लेटीवर थेंब टाकला का दोन मिनिटात त्याच्यावर साय धरते अन् तीच साय तू शिपायाच्या तोंडावर नेऊन ठेवतो, म्हून घड्या बुजतात.

पसरट डबा घे, जेवणाचा झाकणवाला चालते. तळाशी भांडे घासायचा नवा स्पंज नाईतं सुती कापडाची घडी ओली करून ठेव, वरून बेकरीवाले वापरतात तो कागद, मेणाचा नाई पायजे कारण मेणाच्या कागदातून पाणी वर येत नाई. रंग त्या कागदावर काढ अन् तिथंच पातळ कर. झाकण लावून ठेवलं तं दुसऱ्या दिवशीही तोच रंग चालते, मी माठाजवळ सावलीत ठेवतो.

किती पातळ ते पाहाले आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढ. रेघ जागेवर राह्यली अन् खालचं नख जरासं दिसलं तं बरोबर, नखाच्या कडेले पयाली तं पाणी जास्त झालं. ब्रश बुडवला का टोक कपड्याले टेकवून जास्तीचा रंग काढायचा, हे बहुतेक जण करतच नाईत. पहिल्या हातात ठिगळं दिसतीन, घाबरू नको, पूर्ण वाळू दे मंग दुसरा हात, लाल-पिवळ्याले तिसरा. अर्धवट वाळलेल्यावर ब्रश फिरवला तं खालचा रंग सोलून येते.

मोर्शीची_ताई

वरचं सगळं बरोबर आहे पण प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, कसा मारता ते विचारलंच नाही कोणी. मागच्या उन्हाळ्यात मी दुपारी तीनला गच्चीवर स्प्रे मारला आणि वीस घोडेस्वार वाया घालवले. फवारा पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि अंगावर वाळूसारखा खर बसतो, मग वर कितीही पातळ रंग लावा, कापड गोधडीसारखंच दिसणार. आता सकाळी सहाच्या आत, वीतभर लांबून, हात हलता ठेवून मारते. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत प्रायमरवर पांढुरकी धूळ आल्यासारखं होतं, म्हणून झडीच्या दिवसात ब्रशनेच लावते. आणि रेझिन आधी साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून वाळवा.

लाल कोटाचं म्हणाल तर लाल रंग मुळातच अंगाने पातळ, काळ्या प्रायमरवर मरतो. खाली विटकरी लावा, वर लाल, घड्यांच्या खोलात तपकिरी वॉश, म्हणजे खोलात उतरणारा एकदम पातळ रंग, आणि उजेडाच्या कडेला नारिंगी मिसळलेला लाल. पांढरा नकोच. वॉशसाठी नुसतं पाणी घातलं तर कडेला चहाच्या कपासारखं वर्तुळ पडतं, थोडं अ‍ॅक्रिलिक मिडियम घाला.

नंदीवाला

मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवतो, ३० वर्षं झाले. तुमचे शिपाई पोरानं मोबाईलवर दाखवले. डोळ्यासाठी ट्रिपल झिरो ठेवून दे बापा. त्यात रंग मावतच नाई, डोळ्यापर्यंत जाईलोक वाळून जाते. एक नाईतं दोन नंबरचा घे पण टोक सुईसारखं पायजे, अन् ब्रशच्या केसांना धरणाऱ्या पत्र्यापर्यंत रंग चढू देऊ नको, तिथं वाळला का केस फाकतात अन् टोक जाते. काम झाल्यावर साबणानं धुवून बोटानं टोक करून ठेवायचा.

डोळा सगळ्यात आधी काढायचा, चेहरा मंग. खोबणीत गडद तपकिरी भर, त्याच्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, मंग तपकिरीचीच एक उभी रेघ वरून खालपर्यंत. ठिपका टाकायले जाऊ नको, ठिपका हलते, रेघ हलत नाई. वर-खाली जे जास्त गेलं ते चामडीच्या रंगानं कापून घे. शिपाई औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवून धर अन् दोन्ही मनगटं एकमेकाले टेकव, हात आपोआप थांबते.

सातपुडा_पायथा

काका, उभ्या रेघेचं आजच करून पायलं, तिसऱ्या शिपायाले जमलं. डबाही केला, सकाळी काढलेला लाल संध्याकाळपर्यंत ओलाच होता. आता आधीच्या १२ शिपायांचा रंग काढायचा आहे, थिनरमधे टाकू का?

मोर्शीची_ताई

थिनर अजिबात नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकच शिपाई दहा मिनिटं ठेवून बघा, रेझिन मऊ पडलं नाही तर ब्रशने घासा आणि मग बाकीचे. चुलीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून.