मदत हवी आहे: चित्रकथीची पानं फ्रेमवाल्याकडे आहेत, उद्या सकाळपर्यंत सांगायचंय

अनवट
चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या कलेतली, जुनी पानं घेतली आहेत, हॉलमध्ये लावायची आहेत. फ्रेमवाला म्हणतो, दोन्ही भाग सुटे करून प्लायवर चिकटवतो. म्हणजे पोक येणार नाही आणि एकाच्या दोन फ्रेमा होतील. उद्या सकाळी हो की नाही ते सांगायचंय, नाहीतर काम पुढच्या महिन्यावर जाईल. करू द्यावं का? ज्यांनी स्वतः असं काही फ्रेम करून घेतलंय त्यांनीच लिहा. "तज्ज्ञांना दाखवा" एवढंच लिहू नका, प्लीज.

रानजाई
कसले दोन भाग? फाटलंय का? कागद आहे की कापड? फोटो टाका, त्याशिवाय कोण काय सांगणार?

पेठेतला
आमच्याकडच्या सगळ्या जुन्या तसबिरी मी लॅमिनेट करून घेतल्या. ना कसर, ना दमटपणा, ओल्या फडक्यानं पुसता येतात. फ्रेमचा खर्चही वाचतो. तुम्हीही तेच करा.

सावळा घाट
पेठेतला, छापील तसबिरीचं ठीक आहे, हाताने रंगवलेल्या कागदाला लॅमिनेशन कुणी सुचवू नये. गरम रोलरखालून गेलं की प्लास्टिक रंगाला धरून बसतं, नंतर काढायला गेलात तर रंग प्लास्टिकसोबत येतो. जे परत काढता येत नाही ते जुन्या कागदाला लावायचंच नाही.

पेठेतला
पंधरा वर्षं झाली, आमच्या तसबिरींना काहीही झालेलं नाही. अनुभव सांगतोय, पुस्तकातलं नाही.

अनवट
फाटलेलं नाही. कागदच आहे. दोन्ही बाजूंना चित्र आहे: एकीकडे रथातलं युद्ध, दुसरीकडे दरबार. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेत, चित्रकथीचं पान तसंच असतं ना. एका कोपऱ्यात ते आपोआप सुटायला लागलंय, म्हणून तो म्हणतो की वाफ दिली की सहज निघेल. मोबाइलवरून फोटो चढत नाहीये.

कुडाळची वाट
अनवट, आधी त्याला फोन करा आणि काम थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

मी कुडाळजवळच्या पिंगुळीच्या बाजूचा आहे, चित्रकथीचं गाव ते. ही पानं मुद्दामच पाठीला पाठ लावून केलेली असतात. ठाकर समाजाचा कथेकरी एकेक पान उभं धरून रामायण-महाभारतातलं आख्यान लावतो, एक प्रसंग सांगून झाला की पान पलटतो. अशा पानांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पान सोडवलंत की हातात दोन चित्रं उरतील, पोथीचं पान उरणार नाही.

आणि हे भावनेपुरतं नाही. हे रंग पाण्यात कालवलेले, डिंकासारख्या चिकट्याने धरलेले असतात. खळ सुटेल इतकी वाफ दिली तर रंगही सैल होणार. रेघ फुटते, रंग पसरतो. जुना कागद ओला झाला की कुठल्या थरातून सोलला जाईल याची खात्री देता येत नाही. पुष्कळदा अर्धा थर दुसऱ्या कागदाला चिकटून येतो.

बोरूबहाद्दर
मान्य, पण माणसाने पैसे मोजून घेतलंय आणि अर्धं चित्र जन्मभर भिंतीकडे तोंड करून? प्रत्यक्ष घरात राहणाऱ्याचाही विचार करा. चांगल्या हातांनी सुटं केलेलं मी पाहिलंय.

सावळा घाट
त्यासाठी दोन्हीकडून काच असलेली फ्रेम होते. दोन्ही बाजूंना ॲसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणाऱ्या) बोर्डाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, कापून घ्यायचा, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात आत दव धरतं आणि रंग काचेला चिकटतो. पान चिकटवायचं नाही, कडेला कागदी खाचा करून त्यात अडकवायचं. टेप तर अजिबात नको. पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात उतरतो, तो डाग जात नाही. अशी फ्रेम कपाटावर किंवा दोन खोल्यांमधल्या झरोक्यात उभी केली की दोन्ही बाजू दिसतात.

निवांत
काच कशाला, ॲक्रिलिक घाला. हलकं असतं, पडलं तरी फुटत नाही, अतिनील किरण अडवणारं मिळतं. माझ्या घरी सगळीकडे तेच आहे.

सावळा घाट
निवांत, एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण रंग भुरभुरत असेल तर ॲक्रिलिक नको. पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि ती सुटा रंग ओढून घेते. आधी रंगाची तब्येत कळायला हवी. अनवट, खोलीत अंधार करून टॉर्च पानाला जवळजवळ समांतर, तिरका धरा. पापुद्रे उचललेले असतील तर त्यांची सावली पडेल. बोट लावून बघू नका.

पेठेतला
आणि कसर लागू नये म्हणून मागून मोरचूद घातलेली खळ फासा. जुने बाइंडर तेच करायचे.

कुडाळची वाट
बाइंडर वहीच्या पुठ्ठ्याला करायचे. ह्या पानाला "मागून" असं काही नाहीच, दोन्हीकडे चित्र आहे.

वाटाड्या
चित्रकथी म्हणजे पैठणची ना? पैठणी चित्रं म्हणतात त्यांना. मोठे डोळे, जाड रेघ.

कुडाळची वाट
पैठण शैली म्हणतात ती वेगळी, पिंगुळीची वेगळी. दोन्ही चित्रकथीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी पानं आहेत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही बघायला मिळतात.

वाटाड्या
कळसूत्री बाहुल्या मुलांच्या वाढदिवसाला बोलावता येतात का? कोणाकडे संपर्क असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कायदेपंडित
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: पान किती जुनं आहे? शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं असेल तर १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली ते येतं. कागदावरची चित्रं नोंदणीच्या यादीत आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. घरात ठेवायला बंदी नाही, पण खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकणाऱ्याकडे परवाना होता का? पावती घेतली का?

अनवट
मी परदेशी नेत नाहीये हो. फ्रेम करायचीय. पावती आहे, तिच्यावर "जुने चित्र" एवढंच लिहिलंय. तो तोंडी दीडशे वर्षं म्हणाला.

रानजाई
तोंडी दीडशे सगळेच म्हणतात. सुटलेल्या कोपऱ्यातून उजेडात वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, दिसतो का बघा. गिरणीच्या कागदावर कधी कधी साल असतं. चित्र त्याच्या आधीचं नाही, एवढं तरी नक्की कळतं. आणि लावणार कुठे आहात? कुठलं गाव, कुठली भिंत?

अनवट
फ्रेमवाल्याला फोन केला, नाराज झाला, पण काही केलेलं नव्हतं. जाऊन पानं घेऊन आलो.

ठाण्यात राहतो. हॉलची पश्चिमेची भिंत, बाहेरच्या बाजूची. टॉर्च लावून पाहिलं. दरबाराची बाजू सपाट आहे. युद्धाच्या बाजूला रथाच्या चाकाभोवतीचा निळा रंग खवल्यांसारखा उचललाय, दोन ठिकाणी खालचा कागद दिसतोय. पिशवीतही निळी पूड पडलीये. आता काय?

सावळा घाट
मग इतक्यात फ्रेमच नको. उभं लावलं की सुटलेलं सगळं खाली येईल. तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहितो: उचललेला रंग परत बसवणं कागदाच्या संवर्धकाचंच काम आहे. बारीक ब्रशने एकेका पापुद्र्याखाली चिकटा सोडतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, बाहेरचं काम घेतात का ते विचारा, ठाण्याहून लांब नाही. त्यानंतरही ती भिंत नको. पश्चिमेचं ऊन आणि पावसाळ्यात झिरपणारी ओल, दोन्ही तिथेच येणार. आतली भिंत निवडा आणि फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या.

बोरूबहाद्दर
रंग इतका सुटलाय म्हटल्यावर मी माझं म्हणणं मागे घेतो. वाफ देऊ नका.

अनवट
ठीक. सोमवारी फोन करतो. तोवर कसं ठेवू? वरती बटर पेपर ठेवला तर?

कुडाळची वाट
युद्धाच्या बाजूवर काहीही टेकवू नका. ती बाजू वर करून, पान आडवं, उथळ खोक्यात ठेवा, खोक्याचं झाकण चित्राला लागता कामा नये. निळी पूड टाकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा, संवर्धकाला उपयोगी पडते. आणि एक सांगा, पानावर कुठे आकडा आहे का?

अनवट
आहे. दरबाराच्या खाली डाव्या कोपऱ्यात शाईने २७. दुसऱ्या पानावर ३१.

कुडाळची वाट
म्हणजे एकाच पोथीतली असायची शक्यता आहे. विक्रेत्याकडे मधली पानं आहेत का ते आजच विचारा, आणि असतील तर ती सुटी सुटी विकू नको म्हणून सांगा. मलाही व्यनि करा, घेणारे आपण दोघं-तिघं मिळून बघू.