महापूर हा देवाचा न्याय होता, असे लिहिणाऱ्यांना

कृष्णाकाठ, सांगली

आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती बंधुभगिनींच्या गटावर एका भावाने लिहिलेला मजकूर कालपासून सगळीकडे फिरतो आहे. त्याचा आशय असा की, ज्याने सृष्टी निर्माण केली त्याला ती मोडण्याचाही अधिकार आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीवर आलेला महापूर हा या शहराच्या मूर्तिपूजेबद्दल देवाने केलेला न्याय होता. आणि जलप्रलयात नोहाच्या तारवात मोजके वाचले तसे शेवटी विश्वास ठेवणारेच वाचतील, म्हणून बाकीच्यांनी त्या पुराला रंगीत तालीम समजावे. हा मजकूर मी वाचून सोडून देणार होतो. परंतु ज्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा छातीइतके पाणी होते, अशी माणसेही खाली ‘आमेन’ लिहीत आहेत, हे पाहिल्यावर उत्तर देणे भाग पडले.

नोहाचा दाखला देणाऱ्याने बायबलमधील उत्पत्तीचा नववा अध्यायही वाचायला हवा होता. पाणी ओसरल्यावर देव करार करतो की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, आणि हा करार नोहाच्या वंशाबरोबरच सर्व सजीव प्राण्यांशी आहे. शिवाय लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांविषयी बोलताना प्रभू येशू स्वतःच विचारतो की ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय, आणि स्वतःच नाही म्हणतो. एवढे स्पष्ट उत्तर हाताशी असताना आपण अठराच्या जागी सांगली घालून उलटे उत्तर कशाच्या आधारावर देतो?

आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या पुढे गेले होते. ते आमच्या प्रार्थनामंदिरातही शिरले. दार उघडले तेव्हा बाके एकमेकांवर चढून भिंतीला टेकली होती, पेटीच्या भात्यात गाळ घट्ट बसला होता आणि गीतांच्या पुस्तकांची पाने इतकी चिकटली होती की ती सोडवताना अक्षरेच निघून येत होती. तो गाळ काढायला शेजारच्या गणेश मंडळाची मुले आमच्या आधी फावडी घेऊन आली. मूर्तिपूजेचा दंड म्हणून आलेल्या पाण्याने प्रार्थनामंदिर का बुडवले, याचे उत्तर त्या भावाने द्यावे.

विश्वासवाट, मिरज

मूळ मजकुराची भाषा कठोर आहे, हे मला मान्य आहे. परंतु कृष्णाकाठ यांनी लूकचा तो उतारा सोयीच्या जागी थांबवला आहे. त्याच ठिकाणी प्रभू पुढे म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, आणि हे तो एकदा नव्हे, दोनदा म्हणतो. म्हणजे संकट हा इशारा आहेच. प्रत्येक रविवारी उभे राहून आपण मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास पुन्हा येईल. आपण ते केवळ चालीवर म्हणतो काय?

आजकाल आपल्या मंडळ्यांत निर्माणकर्ता चालतो, प्रेमळ बाप चालतो, मात्र न्यायाधीश म्हटले की लोकांना अवघडल्यासारखे होते. न्यायच नसेल तर वधस्तंभ कशासाठी होता? सर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये आमच्या मिरजेत रुग्णालय उभे केले, त्याचे कौतुक सगळेच करतात. पण ते आणि त्यांचे सहकारी ज्या मिशनमधून आले होते ते आत्म्याच्या तारणासाठीही आले होते, हे सांगताना सर्वांचा आवाज खाली जातो. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे की दुसऱ्या कोणाकडूनही तारण नाही. हे वाक्य मी बदलू शकत नाही.

अजिंक्यतारा, सातारा

मी ख्रिस्ती नाही आणि आस्तिकही नाही, तरीही पुराचा विषय निघाला म्हणून लिहितो. यवतेश्वर घाटातून कासला जाताना डोंगराच्या कापलेल्या कडेकडे पाहा. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक आहेत आणि काही थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा आहे. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती तयार होण्याइतका काळ गेला आणि मग दुसरा लाव्हा आला, असे तो पट्टा सांगतो. हे सर्व साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे आहे. सहा दिवसांची सृष्टी, पहिल्या दिवशी प्रकाश आणि चौथ्या दिवशी सूर्य, हे मानणारा माणूस पुराचे कारणही तशाच पद्धतीने शोधणार.

2019 च्या पुराची कारणे उघड आहेत: पाणलोटात पडलेला विलक्षण पाऊस, 105 टीएमसी क्षमतेच्या कोयनेतून आणि इतर धरणांतून सोडावे लागलेले पाणी, आणि पूररेषेच्या आत झालेली बांधकामे. ज्या साताऱ्याने नरेंद्र दाभोलकरांसारखा माणूस दिला, तिथल्या लोकांनी तरी प्रत्येक घटनेमागचे कारण विचारायचे सोडू नये. देवाचा कोप म्हटले की बांधकामाचे परवाने देणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही.

हरिपूरकर

अजिंक्यतारा यांनी कर्नाटकातील अलमट्टी धरणाचे नाव टाळले, याचा मला संताप आला. साताऱ्यात बसून कोयनेकडे बोट दाखवणे सोपे आहे. आम्ही वारणा-कृष्णेच्या संगमावर राहतो आणि पाणी पुढे सरकत नाही म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहतो. अलमट्टीत 519.60 मीटरपर्यंत पाणी अडवले जाते आणि आता उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्याची भाषा चालू आहे. त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, हे मला ठाऊक आहे, कोणी ते पुन्हा ऐकवू नये. ते आमच्या गावाला पटलेले नाही. देवाचा न्याय म्हणणाऱ्यांनी आधी धरणाच्या दरवाजांचा हिशेब मागावा.

कृष्णाकाठ, सांगली

हरिपूरकर, आपला राग समजतो. परंतु अलमट्टी असो वा कोयना, दोन्ही माणसांच्या निर्णयांच्या गोष्टी आहेत आणि त्यांवर देवाचे नाव घालणे हीच माझी तक्रार आहे. धरणाची चर्चा येथे वाढवू नये, ही विनंती.

वाईची शिक्षिका

अजिंक्यतारा सरांना एवढेच सांगते की सूर्याआधी दिवस कसा, हा प्रश्न विज्ञान आल्यावर निघालेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने तो विचारला होता आणि पुढे ऑगस्टीननेही ते दिवस आपल्या चोवीस तासांसारखे मानले नाहीत. सृष्टी ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये झाली, हा हिशेब सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी मांडला. तो पवित्र शास्त्रात कोठेही लिहिलेला नाही. मी शाळेत दख्खनच्या पठाराचा धडा शिकवते आणि रविवारी ‘आकाश व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्यावर’ विश्वास ठेवते असेही म्हणते. ही सृष्टी कोणाला तरी हवी होती आणि ती चांगली आहे असे तिच्या कर्त्याने म्हटले, हा माझा विश्वास आहे. लाल मातीच्या पट्ट्याने त्याला धक्का लागत नाही.

तासगावची लेक

मला मूळ मजकूर पटत नाही आणि कृष्णाकाठ यांचे म्हणणेही पूर्ण पटत नाही. शहरात शिकलेल्या ख्रिस्ती लोकांना न्यायाशिवायचा देव हवा असतो, कारण त्यांच्याकडे मांडण्यासारखी तक्रार उरलेली नसते. माझे पणजोबा मांगवाड्यातले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी शेंदू देत नसत; घागर खाली ठेवून कोणी वरून ओतेल म्हणून तासन्‌तास बसावे लागे. ते ख्रिस्ती झाले त्याची कारणे लोक अनेक सांगतात, पण आमच्या घरात सांगितले जाते ते असे की, पाटलाच्या वर बसणारा एक न्यायाधीश आहे हे त्यांनी प्रथमच ऐकले. देव न्याय करायला येतो म्हणून स्तोत्र 96 मध्ये रानातली झाडेसुद्धा आनंदाने गजर करतात. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याच्यासाठी न्यायाचा दिवस हीच सुवार्ता आहे.

आणि म्हणूनच विश्वासवाट काकांना विचारते. पूर आला की पहिले पाणी कोठे शिरते? सखल भागात, पत्र्याच्या घरांत, नदीला लागून असलेल्या वस्त्यांत. ज्यांनी पूररेषा गिळली ते उंचावर राहतात. गरिबाचे घर आधी बुडवून श्रीमंताला गच्चीवरून पाहू देणारा न्याय माझ्या पणजोबांच्या देवाचा असूच शकत नाही. असला न्याय त्यांनी गावात रोज पाहिला होता. त्यासाठी त्यांना ख्रिस्ती होण्याची गरज नव्हती.

विश्वासवाट, मिरज

ताई, सखल वस्त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मूळ मजकुराचा मी त्या अंगाने विचार केला नव्हता. परंतु न्याय आहे हे आपण मान्य केले, म्हणजे त्यातून वाचण्याचा मार्ग कोणता हा प्रश्न उरतोच. तो मार्ग विश्वास आणि बाप्तिस्मा हाच आहे. चांगुलपणाने कोणी तरत नाही. इफिसकरांस पत्रात ते कर्मांमुळे नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शेजारी कितीही भला असला तरी त्याला खोटी आशा दाखवणे ही दया नव्हे.

माणदेशी, दहिवडी

‘आणि बाप्तिस्मा’ हे शब्द आपण फार सहज लिहिलेत, म्हणून लिहिणे भाग आहे. माझी आजी दर रविवारी उपासनेला येई आणि दाराजवळ चपलांच्या बाजूला बसे. दानाची वेळ आली की पदराची गाठ सोडून मूठभर बाजरी टोपलीत टाकी. दुष्काळातही ती मूठ चुकली नाही. आजोबांचा विरोध होता म्हणून तिचा बाप्तिस्मा झाला नाही. ती गेली तेव्हा तिला मंडळीच्या दफनभूमीत जागा नाकारण्यात आली आणि पाळकांनी घरी येऊन प्रार्थनाही केली नाही. नियम आहे असे सांगितले. आम्ही तिला शेताच्या बांधावर पुरले. वधस्तंभावरच्या चोराचा बाप्तिस्मा कोणी केला होता? त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाले आणि माझ्या आजीला सहा फूट माती मिळाली नाही.

आमच्याच साताऱ्यात 1917 मध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. शंभर वर्षांपूर्वी टिळकांना जे सुचले, ते आपल्या मंडळीला अजून पेलत नाही.

विश्वासवाट, मिरज

टिळकांची ढाल करू नका! त्याच टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षे दूर राहावे लागले. बाप्तिस्मा अनावश्यक असता तर त्यांनी घरदार पणाला लावले असते काय? ज्यांनी त्या एका पाण्यासाठी सर्वस्व गमावले, त्यांच्या त्यागाला आपण काय उत्तर देणार? आपल्या आजींविषयी मला दुःख आहे, परंतु एका दुःखद प्रसंगावरून सिद्धांत बदलत नसतो.

माणदेशी, दहिवडी

‘दुःखद प्रसंग’ हा शब्द परत घ्या. ती माझी आजी होती. आणि टिळकांनी स्वतः एवढी किंमत मोजली होती, तरीही ती न मोजू शकलेल्यांना त्यांनी दरबारात बसवले, हेच तर मी सांगतो आहे. त्याग केलेल्या माणसाने दार उघडले. काहीही न गमावलेली माणसे ते लावून घेत आहेत.

वाईची शिक्षिका

दोघांनीही शांतपणे घ्यावे. कृपेने तारण होते म्हणजे ते आपली कमाई नाही, हे विश्वासवाट भाऊ बरोबर सांगतात. पण मग बाप्तिस्मा ही सुद्धा आपली कमाई होऊ नये. ती देणगीची खूण आहे. लूथरच्या काळापासून विश्वास की कर्मे यावरून मंडळी फुटली, आणि 1999 मध्ये कॅथलिक व लूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रात मान्य केले की तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते आणि सत्कर्मे त्यातून फळास येतात. याकोबही हेच म्हणतो की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा न्यायाला बसतो तेव्हा तो भुकेल्याला अन्न दिले का, तहानेल्याला पाणी पाजले का, असे पाहतो, आणि उजवीकडच्यांना आपण हे केव्हा केले तेच आठवत नाही. त्या आजींची मूठभर बाजरी हे फळ नसेल तर फळ कशाला म्हणायचे?

कराडचा वारकरी

मी हिंदू आहे आणि हे सर्व आदराने वाचतो आहे. माझी आई आयुष्यभर पंढरीची वारी करत होती आणि आपल्या पुण्याईने काही होत नाही, पांडुरंगाची कृपाच तारते, असे म्हणत असे. टिळकही आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. विश्वासवाट यांनी सरळ सांगावे: माझी आई नरकात आहे काय?

विश्वासवाट, मिरज

दादा, हा प्रश्न टाळून पुढे जाणे लबाडी होईल. ख्रिस्तावाचून तारण नाही, हे मी मानतो आणि मानत राहीन. आपल्या आईंविषयी निकाल देणे मात्र माझ्या अधिकारात नाही. ज्यांच्यापाशी नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणात त्याचे कार्य लिहिलेले असते, असे रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कॅथलिक मंडळीने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत त्याच दिशेने बरेच पुढे जाऊन लिहिले. मी तितका पुढे जात नाही. न्यायाधीश तो आहे, मी नाही, एवढ्यावर मी थांबतो.

तासगावची लेक

काका, एका आईविषयी निकाल देणे आपल्या अधिकारात नसेल तर पुरात बुडालेल्या शहराविषयी तो कोणाच्या अधिकारात आहे?

विश्वासवाट, मिरज

कोणाच्याच नाही. मजकूर लिहिणारा भाऊ माझ्या ओळखीचा आहे. पुराविषयीची वाक्ये काढून टाक, असे मी त्याला आजच सांगतो. विश्वासाविषयीचे वाक्य मात्र राहील आणि त्याखाली माझेही नाव असेल. माणदेशी भाऊ, तो शब्द मी परत घेतो.

माणदेशी, दहिवडी

शब्द परत घेतलात, ठीक. आपण मंडळीच्या कमिटीवर आहात असे आपल्या बोलण्यावरून वाटते. बाप्तिस्मा न झालेल्या पण उपासनेला येणाऱ्या माणसाला दफनभूमीत जागा मिळावी, हा ठराव आपण मांडणार का?

विश्वासवाट, मिरज

मांडतो. त्याच्या बाजूने मत देईन की नाही, हे आज सांगत नाही.