शब्दचर्चा : सर्व्हिस ‘सुरू’ केली, मग ‘चालू’ का नाही?

उद्यमनगरातल्या एका कारखान्याचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. मागच्या महिन्यात दुपारपाळीच्या सहकाऱ्याने वहीत लिहिलं, ‘बिलिंगची सर्व्हिस सुरू केली आहे.’ (सर्व्हिस म्हणजे मागे सतत चालत राहणारा प्रोग्रॅम.) रात्री वीज गेली, यूपीएस उतरला, पहाटे मशीन परत उठलं आणि बिलिंग मात्र बंद. सकाळी गेटवर माल भरलेले टेम्पो उभे आणि चलन निघेना.

वहीतलं वाक्य खोटं नव्हतं. सर्व्हिस हाताळायच्या ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेतून त्याने ‘स्टार्ट’ दिलं होतं, ‘एनेबल’ दिलं नव्हतं. स्टार्टने सर्व्हिस आत्ता उठते. एनेबलने ती पुढच्या प्रत्येक बूटला, म्हणजे मशीन नव्याने उठताना, आपोआप उठेल अशी सोय होते, पण त्या क्षणी काहीच चालू होत नाही. दोन वेगळी कामं, आणि आम्ही दोन्हीला ‘सुरू करणे’च म्हणतो. मेन्यूंमध्ये एनेबलला ‘सक्षम करणे’ दिसतं. ते कुणाच्या तोंडी नाही, शिवाय अर्थही चुकतो : एनेबल न केलेली सर्व्हिस काही दुबळी नसते, ती दिवसभर उत्तम चालू शकते. मग म्हणायचं काय?

प्रतिसाद १
दादा, शब्द आपल्या शिवारात आहे की! माझं माहेर पंचगंगेकाठचं, उसाचं. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीपाळी असली की आई झोपण्याआधी हमखास विचारायची, “मोटार आटूवर टाकलीया न्हवं?” ऑटो स्विच लावलेला असला की वीज आली की मोटार आपली आपण चालू होते, अंधारात कुणी मळ्यात जायचं नाही. एनेबल म्हणजे अगदी हेच. ‘सर्व्हिस ऑटोवर टाकली’ असं लिहा, कोल्हापुरात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

आता ‘सुरू’ आणि ‘चालू’. ‘सुरू’ हा अरबी-फारसीतून आलेला, त्यात आरंभ आहे. ‘चालू’ आपल्या ‘चालणे’वरून, त्यात स्थिती आहे. मी सुरू करते, ती चालू असते. तिसरा प्रयोग सगळ्यात नेमका : ‘चालू पडणे’. हिरवं बटण दाबलं, स्टार्टरच्या पेटीत खट् झालं, मोटार घुमली आणि घुमतच राहिली, तर ती चालू पडली. खट् होऊन परत गप्प झाली, तर सुरू केली पण चालू पडली नाही. सर्व्हिसचं नेमकं असंच होतं. स्क्रिप्ट सुरू होते आणि पुढच्या सेकंदाला मरते, तेव्हा ‘सुरू झाली’ म्हणणं दिशाभूल करतं.

प्रतिसाद २
ताईंच्या पंपातच पुढचे दोन शब्द आहेत. स्टेटसमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ हिरवं दिसतं, पण पोर्टवर, म्हणजे सर्व्हिसच्या दारावर, कुणी उत्तर देत नाही. डेटाबेस उठायच्या आधीच सर्व्हिस उठली असेल तर हे बघायला मिळतं. याला मी सरळ म्हणतो, “मोटार फिरतीया, पाणी उचलंना.” फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळका असला तर मोटार नवी घेऊन उपयोग नसतो, तसंच इथे तीच सर्व्हिस दहादा रीस्टार्ट करून उपयोग नाही. ती कोणाच्या नंतर उठायला हवी, ते बघायचं.

दुसरा शब्द ‘ट्रिप’. आपोआप रीस्टार्ट लावलेली सर्व्हिस 10 सेकंदांत 5 वेळा उठून पडली, की सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिस उठवणारी लिनक्सची व्यवस्था, मूळ सेटिंगनुसार तिला उठवणं सोडून देते. मोटारीवर भार वाढला की वीज तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेसारखंच. ‘अयशस्वी’ हा परीक्षेचा शब्द आहे, त्यात संरक्षणाचा अर्थ येत नाही. ‘ट्रिप झाली’मध्ये येतो. आणि ट्रिप झाल्यावर रिसेटचं बटण दाबण्याआधी जाणता माणूस कारण शोधतो, म्हणजे इथे जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) वाचतो.

प्रतिसाद ३
अशा मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमला इंग्रजीत ‘डेमन’ म्हणतात, त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण मराठीत त्याचं ‘राक्षस’ केलेलं वाचलं की मला वाईट वाटतं. हा शब्द संगणकात 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक प्रकल्पात आला. तिथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा 1867 मधला काल्पनिक डेमन होता : दाराशी बसून वेगवान आणि मंद रेणू न थकता निवडणारा. मूळ ग्रीक ‘डायमॉन’ दुष्ट नाही. तो देव आणि माणूस यांच्यामधला, माणसाची पाठराखण करणारा. एसएसएचडी, एचटीटीपीडी या सर्व्हिसच्या नावांच्या शेवटचा ‘डी’ त्याचाच. घाट उतरला की कोकणात ज्याला ‘राखणदार’ म्हणतात, तो याच्या सर्वांत जवळचा. दिसत नाही, पण जागेवर असतो.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, आज वहीचे रकानेच बदलले : सुरू केली का, चालू पडली का, ऑटोवर आहे का, पाणी उचलते का. त्याच सहकाऱ्याने संध्याकाळी चारही भरले. चौथ्यासाठी त्याने एक खरं चलन काढून पाहिलं. आधी हे कुणी करत नव्हतं.

एक राहिलं. ‘मास्क’ केलेली सर्व्हिस हाताने स्टार्ट दिली तरी उठत नाही. ‘बंद’ म्हणावं तर ते स्टॉपला गेलं, ‘ऑटोवरून काढली’ हे डिसेबलला. विहिरीत माणूस उतरला असताना वरून कुणी बटण दाबू नये म्हणून आमचे आजोबा फ्यूज काढून खिशात ठेवायचे. ‘फ्यूज काढली’ चालेल का?