त्रास नाही, मग हिपॅटायटिस सी तपासायचा कशाला?

पाणकळा:
'आडवाट' यांनी काल लिहिलं, "काही होत नसताना हिपॅटायटिस सी शोधत बसू नये, यकृत स्वतःला सावरून घेतं." राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

कुणाचं सावरतं? लागण झालेल्या 100 जणांपैकी 15 ते 45 जणांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपसूक जातो. बाकीच्यांत तो मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं चाहूल लागू देत नाही. माझ्या काकांचं निदान झालं ते पोटात पाणी झाल्यावर. दारूला कधी न शिवलेला माणूस, तरी नातेवाइकांनी शेवटपर्यंत दारूचाच संशय घेतला. लस नाही हे खरं, पण साधारण 12 आठवडे गोळ्या घेतल्या की 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. मग आयुष्यात एकदा रक्त द्यायला हरकत काय?

आडवाट:
हरकत मी भोगली आहे. अँटीबॉडी, म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरल्याची खूण, पॉझिटिव्ह आली. लॅबने कागद हातात दिला, पुढचं कुणी सांगितलं नाही. घरात माझी भांडी वेगळी झाली, भाचीला जवळ येऊ देईनात. शेवटी हट्टाने आरएनए, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते पाहणारी चाचणी, करून घेतली, तर विषाणू नव्हताच! ते महिने मला कोण परत देणार?

सावली:
भांडी वेगळी करणाऱ्यांचा संताप येतो. हा आजार रक्तातून पसरतो. जेवणातून, मिठीतून, खोकल्यातून नाही. वस्तरा आणि ब्रश तेवढा आपापला ठेवा. "तपासूच नका" हे मला अजिबात पटत नाही, पण तुमचं दुखणं खरं आहे. माझी बहीण औषधांनी बरी झाली. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी केलेली आरएनए निगेटिव्ह आली. तरी अँटीबॉडी अंगात राहतातच. पुढे एका रुग्णालयात त्यावरून तिच्या केसपेपरवर लाल शेरा मारला आणि ऑपरेशन यादीत शेवटी ढकललं. बरी झालेली बाई!

काचपट्टी:
लॅबमध्ये काम करते, म्हणून बोलते. आम्हाला झोडपू नका. चिठ्ठीवर एकच चाचणी लिहून येते. पॉझिटिव्ह आल्यास त्याच नमुन्यावर आरएनए करा, असं डॉक्टरांनी लिहिलं तर पेशंटला पुन्हा बोलवावं लागणार नाही.

आडवाट:
म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' छापून मोकळं व्हायचं? 'सध्या लागण आहे की नाही हे यावरून ठरत नाही' ही ओळ छापायला कुणाची परवानगी लागते?

काचपट्टी:
आम्ही छापतो. तुमच्या लॅबचा राग माझ्यावर काढू नका. घरचे त्या ओळीपर्यंत पोचतच नाहीत, वरचा ठळक शब्द वाचूनच रडारड सुरू होते.

पाणकळा:
चिठ्ठी आणि छपाईच्या वादात माझे काका पुन्हा हरवले. आडवाट, तुम्हाला कुणी दुसरी चाचणी सांगितली नाही हा अन्यायच. पण त्यावर उपाय दुसरी चाचणी वेळेवर करणं हा आहे, पहिली टाळणं नव्हे.

आडवाट:
बरं. एकदा तपासा, एवढं मान्य. दोन्ही चाचण्या एका खेपेत होणार असतील तरच.

सावली:
'एकदा' सगळ्यांना पुरत नाही. सुया सामायिक वापरणाऱ्यांना बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, त्यांनी तपासत राहायला हवं. आणि गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी हा यकृताचा दुसरा विषाणू आहे का तेही पाहून घ्या, दबलेला असेल तर तो उसळू शकतो. बहिणीला निदानाआधीच सिरॉसिस झाला होता, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक झालं होतं, त्यामुळे विषाणू जाऊनही कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू आहे.